सहा स्पीकरांत आई नाही

१८ फेब्रुवारी, रविवार.

लेक सकाळी पुण्याला परत गेली. तिला नऊच्या बसमध्ये बसवून घरी आले. हे संगमनेरला लग्नाला गेलेत, उद्या येतील. काल दुपारी आम्ही मायलेकींनी माझ्या लग्नाची डिस्क लॅपटॉपवर लावली आणि तिच्यातले सहाही आवाज एकेक करून ऐकले. आईचा आवाज एकातही नाही. आज घरी आल्यावर कपडे धुतले, वाळत घातले. वरणभात होता तो तसाच झाकून ठेवला. आता साडेतीन वाजलेत.

अण्णा, तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं होत आली. एवढ्या वर्षांत मी तुमच्याविषयी कोणाजवळ वावगं बोललेले नाही. नाशिक रोडला अजून कोणी ना कोणी भेटतं, "तुमच्या वडिलांनीच आमच्या लग्नाचं शूटिंग केलं होतं, काय माणूस होता," म्हणतं, आणि मी हो हो करते. मी बोलणारी नाही हे तुम्हाला माहीत आहे. त्या बाबतीत मी तुमच्यावर गेले. पण काल ते सगळं ऐकून झाल्यापासून मला इतका राग आलाय की लेकीसमोर शांत बसणं जड गेलं. ती गेल्यावर कागद घेतला. हा राग मी तुम्हाला तोंडावर कधी दाखवला नाही. तुम्ही होतात तेव्हाच दाखवायला हवा होता.

लेकीनं आजीला पाहिलं म्हणायचं तर पाहिलं, पण आई गेली तेव्हा ती अकरा महिन्यांची होती. परवा आल्या आल्या तिनं विचारलं, "मम्मी, आजी कशी बोलायची गं?" मी म्हटलं, "मोठ्यानं." "म्हणजे कसं? करून दाखव ना." मी तोंड उघडलं आणि मला येईना. तेव्हा तीच म्हणाली की तुझ्या लग्नाची ती डिस्क आहे ना, तिच्यात आजी मंगलाष्टकं म्हणते. मी तिला सांगितलं की तो आवाज आजीचा नाही. हे तिला आजवर सांगितलेलं नव्हतं. ती म्हणाली, "पण आजोबांनी फाइव्ह पॉइंट वन केलंय ना? म्हणजे सहा वेगळे ट्रॅक असणार. खाली कुठेतरी दबलेला असेल तिचा आवाज. आपण एकेक ट्रॅक सुटा करून ऐकू." तिला ते येतं, कॉलेजात पोरं मिळून छोट्या फिल्म करतात. आणि अण्णा, तुम्ही काय केलंय हे मला पक्कं माहीत असूनही मला आशा वाटली. वाटलं, एवढा आवाजातला माणूस, कुठल्यातरी कोपऱ्यात पुसटसा का होईना ठेवला असेल बायकोचा आवाज.

पुढचे डावे-उजवे दोन ट्रॅक आधी ऐकले. त्यांत सनई. तीच सनई, जी तुम्ही दहा वर्षं प्रत्येक लग्नाला लावलीत. मग मधला ट्रॅक, ज्यातून माणसांचं बोलणं यायला हवं. त्यात आईच्या जागी म्हणणारी ती बाई. गोड, स्वच्छ, सुरेल. तिच्यामागे दुसरं काहीही नाही, श्वाससुद्धा तिचाच. मग तो जाड आवाजाचा डबा, त्यात नुसतं बँडचं धब धब. मागच्या डाव्या ट्रॅकवर टाळ्या आणि पोरांची रडारड. आणि मग मागचा उजवा. तिथे एकदम एक बाईमाणूस स्पष्ट ओरडलं, "ए, पोरीला पाणी दिलं का कोणी? सकाळपासून उपाशी हाय ती, लय ऊन हाय!" लेक खुर्चीतून उठलीच. "मम्मी, हीच ना? हीच आजी?"

मी म्हटलं, नाही गं, ही आपल्यातली कोणीच नाही. मग तिला सांगावं लागलं. माझ्या लग्नात गर्दीचा आवाज तुम्हाला पुरेसा भरीव वाटला नव्हता. महिनाभर आधी तुम्ही सिन्नरकडे एक लग्न केलं होतं, उघड्या मांडवातलं, दोन-तीन हजार माणसांचं. तिथला गोंगाट तुम्ही आमच्या मागच्या दोन स्पीकरांत घातलात. हे तुम्हीच मला कौतुकानं सांगितलं होतं. "बसल्या जागी मागं मांडव भरलाय असं वाटलं पाहिजे." वाटलं खरं. माझ्या लग्नाच्या डिस्कवर सिन्नरकडच्या कुठल्यातरी नवरीची आई कायमची आहे, लेकीला पाणी मिळालं का म्हणून ओरडणारी. माझी आई नाही.

आता मला सगळं पहिल्यापासून सांगू द्या, कारण तुम्ही हे सगळं एका वाक्यात संपवायचात. "आवाज फाटला होता." बस.

आई येवल्याची. घरात दोन हातमाग, दिवसभर खटखट चाललेली, त्यामुळे त्या घरात सगळेच जण ओरडून बोलायचे. आईचा आवाज तिथे तयार झाला. घोगरा, उंच आणि लांब जाणारा. आपल्या कॉलनीत चौथ्या इमारतीतल्या बाईला ती खिडकीतून भाजीवाला आल्याचं सांगायची. नव्वदच्या सुमारास तुम्ही वायरमनची कामं सोडून शूटिंगचा धंदा सुरू केलात आणि पुढच्या खोलीत लॅब आली. तेव्हापासून घरात एक शब्द सगळ्यांत जास्त ऐकू यायचा. हळू. तुम्ही माइकवर पाहुण्यांची नावं वाचायचात, आत आईनं कोणाला हाक मारली की दार उघडून म्हणायचात, "हळू गं. टेपवर येतंय." कुकरची शिट्टी काढून ठेवायची, मिक्सर बंद, पंखा बंद. मी शाळेतून आले तरी दाराबाहेर चपला हातात घेऊन उभी राहायचे. एकदा आई मला परकराचं माप घ्यायला बोलावत होती, तुम्ही बाहेर आलात आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "तुझ्या गळ्याला बटण असतं तर मी रोज खाली केलं असतं." शेजारच्या मावशी हसल्या, आईपण हसली. पण त्या दिवसापासून तुम्ही घरात असलात की ती वेगळ्याच आवाजात बोलायला लागली, दबक्या. तुम्ही स्कूटर काढून बाहेर पडलात की तिचा खरा आवाज परत यायचा. मला वाटायचं, सगळ्यांच्याच आयांना दोन आवाज असतात.

फक्त लग्नात ती मोकळी असायची. नात्यात, कॉलनीत कोणाचंही लग्न ठरलं की तिच्याकडे निरोप यायचा. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर ती मंगलाष्टकं लिहायची. दोन्ही घरांची नावं, गावं, आजे-पणजे सगळे त्या चालीत बसवायची. पिंपळगाव बसवंत बसवताना तिला दोन दिवस लागले होते. आणि लग्नात स्वतःच म्हणायची. सूर लागायचा असं नाही. तिच्या गळ्याला सुराची सवय नव्हती. पण शेवटचा शब्द ती असा धरून ठेवायची की कार्यालयाच्या बाहेर चपला सांभाळणारा माणूससुद्धा अक्षता टाकायला वळायचा. मला हे आज शब्दांत सांगता येतंय. ऐकू काही येत नाही.

माझ्या लग्नाची मंगलाष्टकं ती चार महिने लिहीत होती. लग्नाच्या दिवशी सकाळी कार्यालयात अजून खुर्च्या मांडत होते, मी गौरीहरापाशी बसायला निघाले होते, तेव्हा मी दारातून पाहिलं. नव्या कोऱ्या कुर्त्यावर गळ्यात हेडफोन घालून तुम्ही मिक्सरपाशी उभे होतात. मुलीच्या बापानं त्या दिवशी तरी दुसऱ्याला करू द्यावं असं सगळे म्हणत होते, पण आवाज तुम्ही कोणाच्या हाती देणार नव्हतात. तुम्हाला हे लग्न नव्या पद्धतीनं करायचं होतं, शूटिंग टेपवरच, पण शेवटी कॅसेट नाही तर डीव्हीडी, सहा स्पीकरांची. आईला हाक मारलीत. "ये, माइकवर बोल जरा." ती पैठणी सावरत आली. "काय बोलू?" "काहीही बोल. ती पहिली ओळ म्हण." आईनं तुमच्याकडे पाहिलं आणि घरात म्हणते तशी, तोंडातल्या तोंडात म्हटली. तुम्ही लेव्हल वाढवलीत. "पुन्हा म्हण." तशीच म्हटली. आणखी वाढवलीत. मग खूश होऊन मिक्सरच्या नॉबवर चिकटपट्टी लावलीत आणि कॅमेरामनला बजावलंत, "याला आता कोणी हात लावायचा नाही."

मुहूर्ताच्या वेळी तुम्ही मिक्सरपाशी नव्हतात. तुम्ही पलीकडे व्याह्यांच्या बाजूला उभे होतात. मी अंतरपाटाच्या अलीकडे हार धरून उभी होते. भटजींनी आईकडे माइक दिला आणि तिनं म्हणायला सुरुवात केली, तिच्या येवल्याच्या आवाजात. तुमचा कॅमेरामन मला पुढे बऱ्याच वर्षांनी म्हणाला, "ताई, मिक्सरचा काटा पहिल्याच शब्दाला लालमध्ये गेला. मी अण्णांना हातानं खुणा करत होतो, ते बघेचनात. पट्टी काढायची माझी हिंमत झाली नाही." सगळी मंगलाष्टकं तशीच टेपवर गेली, खरखरत, फाटत. ही चूक कोणाची होती, अण्णा? तुम्ही दहा-बारा वर्षं तिला हळू बोलायला शिकवलंत, ती तुमच्यासमोर हळू बोलली, आणि तेवढंच तिचं माप धरून तुम्ही पट्टी मारलीत. चौथ्या इमारतीपर्यंत आवाज जाणाऱ्या बाईशी तुमचा संसार पंचवीस वर्षांचा होता.

आणि तरीही ती डिस्कवर राहू शकली असती. लांबवर दुसरा कॅमेरा होता, स्टँडवर. त्याच्या स्वतःच्या माइकवर तिचा आवाज नीट आला होता. लांबचा, थोडा घुमणारा, पंख्याची घरघर असलेला, पण तिचाच. हेही तुम्हीच मला सांगितलंत. "पण तो मोनो गं, एकाच माइकचा, आणि लांबचा. सेंटरला टाकला तर किती पडेल वाटेल." काल लेक मला काय म्हणाली सांगू? म्हणाली की बोलण्याचा आवाज मोनोच असतो, तो मधल्या स्पीकरात तसाच घालायचा, घरघर थोडी कमी करायची, त्याच हॉलची थोडीशी घूम मागच्या दोघांत द्यायची, सनई खाली घ्यायची, झालं. अर्ध्या दिवसाचं काम. एकोणीस वर्षांच्या पोरीला जे कळतं ते तुम्हाला कळत नव्हतं असं नाही. तुम्हाला तसं ऐकवायचं नव्हतं.

तुम्ही त्या उन्हाळ्यात किती खपलात ते मी येता-जाता पाहत होते. आईच्या शिवणाच्या टेपनं सोफ्यापासून प्रत्येक स्पीकरचं अंतर मोजलंत, भिंतीवर पेन्सिलीनं खुणा केल्यात. एकेका स्पीकरमधून खर्र असा आवाज फिरवून आईला मधे बसवायचात. "आता कुठून येतो? आता?" ती बिचारी बोट दाखवायची. आवाजाची फाइल एका मापाची, चित्राची दुसऱ्या, म्हणून शेवटी शेवटी ओठ आणि आवाज जुळेनात, त्यासाठी पंधरा दिवस घातलेत. घाईनं राइट केलेल्या डिस्क दुसऱ्याच्या प्लेअरवर अडकतात म्हणून सगळ्यांत कमी स्पीडला राइट करायचात. तरी वीसेक वाया गेल्या. त्या आईनं दोरीत ओवून कबुतरांसाठी गॅलरीत टांगल्या. तिला वाटायचं, हे सगळं तिच्या मंगलाष्टकांसाठी चाललंय. शेजारणींना सांगायची, "यांनी माझा आवाज सहा ठिकाणांहून यायची सोय केलीय, आता पळणार कुठे?" तिला तुम्ही सांगितलं नव्हतंत. ती माहेरी येवल्याला गेली त्या चार दिवसांत तुम्ही ऑर्केस्ट्रात गाणाऱ्या त्या बाईला घरी आणलंत, टीव्हीवर आईचे ओठ दाखवलेत, आणि त्या ओठांवर तिच्याकडून म्हणून घेतलंत.

लग्नानंतर लगेच अधिक महिना आला. धोंड्याच्या जेवणाला जावई, विहीण-व्याही, सगळे तुमच्याकडे आले. जेवणाआधी तुम्ही सगळ्यांना हॉलमध्ये बसवलंत. ह्यांना हाताला धरून सोफ्याच्या बरोब्बर मधे. "जावईबापू, हलायचं नाही. डोकं इथंच ठेवायचं." हे खरंच मान न हलवता बसले, सासरे हसून म्हणाले, "न्हाव्याकडे बसवल्यासारखं बसवलंत की हो." पडदे लावलेत, डिस्क घातलीत. सनई सुरू झाली, मागून गर्दी आली, सासऱ्यांनी वळून मागे पाहिलं आणि सगळे हसले. तुमचा चेहरा मला आठवतो. तुम्ही टीव्हीकडे बघत नव्हतात, ऐकणाऱ्यांची तोंडं बघत होतात. मी आईकडे बघत होते. ती स्वयंपाकघराच्या दारात अनारशांचं ताट घेऊन उभी होती.

पडद्यावर तिनं माइक तोंडाजवळ नेला, तोंड उघडलं, आणि त्यातून ती दुसरी बाई गायली.

ओठ अगदी जुळले होते. तेवढं तुम्हाला मानलं पाहिजे. आईनं आधी टीव्हीकडे पाहिलं, मग मधल्या स्पीकरकडे, मग तुमच्याकडे. माझ्या सासूबाई मनापासून म्हणाल्या, "विहीणबाई, काय गोड गळा आहे हो तुमचा! लग्नाच्या गडबडीत लक्षातच आलं नव्हतं." आई ताट पुढे करून म्हणाली, "घ्या ना. खसखस यंदा चांगली मिळाली." हळू आवाजात म्हणाली. पाहुणे होते आणि तुम्ही होतात.

तुम्ही तिच्यामागे स्वयंपाकघरात आलात तेव्हा मी तिथे पुरणाचे धोंडे काढत होते. तुम्हाला वाटत होतं ती खूश होईल. ती म्हणाली, "कोण हो ती? छान म्हणते." तुम्ही म्हणालात, "अगं, तुझा आवाज फाटला होता. टेपवर नुसती खरखर होती." ती म्हणाली, "फाटला होता तर राहू द्यायचा होता. लग्न घरचंच होतं ना." तुम्ही म्हणालात, "जगाला दाखवायचंय ते. आपल्या लॅबचं नाव आहे." ती तुपाची वाटी घेऊन बाहेर गेली. तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "हिला यातलं काही कळत नाही." मी धोंडे मोजत राहिले.

ते सगळे स्पीकर तुम्ही त्याच दिवशी जावयाला धोंड्याचं वाण म्हणून दिलेत, वर स्वतः येऊन बसवून दिलेत. वर्षभर आमच्या घरी जो येईल त्याला ती डिस्क दाखवली गेली. आई यायची तेव्हाही दाखवली गेली. ती मंगलाष्टकं आली की पाणी प्यायला उठायची. त्यानंतर तिनं कोणाच्या लग्नात म्हटलं नाही. लिहून द्यायची. म्हणायची विनंती आली की सांगायची, "म्हणायला यांच्याकडे एक बाई आहे, तिला बोलवा." लोकांना तो विनोद वाटायचा. तुम्हालाही वाटायचा. एकदा तुम्ही त्यावर खो खो हसलात, आणि मी तेव्हाही गप्प होते.

दुसऱ्या हिवाळ्यात ती गेली. आठ दिवसांचा ताप, मग दवाखाना, आणि मग नाहीच. तेराव्यानंतर मी तुम्हाला माझ्या लग्नाच्या मूळ टेप मागितल्या. मला फाटलेला चालणार होता, लांबचा चालणार होता, खरखर चालणार होती. तुम्ही लॅबमध्ये कपाट उघडून उभे राहिलात आणि माझ्याकडे पाठ करून म्हणालात, "त्यांच्यावर पुढच्या सीझनला दुसरी लग्नं घेतली. डिस्क दिली की टेप फिरवायची, अशीच पद्धत आहे. सगळेच करतात." मला पद्धत माहीत होती. पद्धत परक्यांच्या लग्नाची होती. मग तुम्ही म्हणालात, "डिस्कवर आहे की सगळं." सगळं म्हणजे काय, अण्णा? साडी आहे, नथ आहे, ओठ आहेत. तुम्ही तिच्या आजारपणात बारा-बारा तास दवाखान्याच्या बाकावर बसलात, तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं करत राहिलात, हे मी विसरलेले नाही. तुम्ही वाईट नवरे होतात असं मी म्हणत नाही. पण ते बाक आठवून मी इतकी वर्षं हा राग गिळत आले, आणि काल तो गिळता आला नाही.

सगळ्यांत वाईट काय झालंय ते लेकीला सांगितलं नाही, तुम्हाला सांगते. आई आठवली की मला ती अंगणात, गॅलरीत, गॅसपाशी दिसते, तोंड हलतं, आणि आवाज येतो तो त्या बाईचा. ती डिस्क इतक्या वेळा लागली आमच्या घरात की मधल्या स्पीकरातला तो गोड आवाज आईच्या तोंडाला चिकटून बसला. "जेवलीस का" असं साधं वाक्य मी आईच्या तोंडून आठवायला बघते आणि ती बाई विचारते, सुरात. तुम्ही टेपवरचा आवाज पुसलात तो एक. माझ्या डोक्यातलासुद्धा गेला, आणि तो तुमच्या हातून जाणार होता हे तुम्हाला कळायला पाहिजे होतं. आवाजातलं तुम्हाला कळायचं ना?

पत्र इथे संपवलं असतं तर मला बरं वाटलं असतं. हे कुठे पाठवायचंही नाही, कोणी वाचणारही नाही, तेव्हा राहिलेलं लिहून टाकते.

आई येवल्याला होती त्या चार दिवसांत तुम्ही मला सासरी फोन केला होता. फोन हॉलमध्ये होता, सासूबाई शेजारीच भाजी निवडत होत्या. तुम्ही म्हणालात, "आईचा आवाज फार खराब आलाय. दुसऱ्या कॅमेऱ्यावर आहे, पण तो लांबचा. तो टाकू, की एका बाईकडून म्हणून घेऊ? तू सांग, तुझं लग्न आहे." लग्नाच्या दिवशी पंगतीत माझ्या मावससासूबाई म्हणाल्या होत्या, "कार्यालयानं लाउडस्पीकर उगाच लावला, विहीणबाई पुरेशा होत्या," आणि सगळी पंगत हसली होती. मी मान खाली घालून जिलबी मोडत होते. त्या फोनच्या वेळी मला तीच पंगत दिसत होती. आता ही डिस्क या घरात लागणार, पुन्हा सगळे हसणार. मी म्हटलं, "घ्या म्हणून. बरंच होईल." तुम्ही विचारलंत, "आईला काय वाटेल?" तुम्ही हे विचारलं होतंत, अण्णा. मी म्हटलं, "तिला आत्ताच सांगू नका. आधी होऊ दे."

स्वयंपाकघरात तुम्ही माझ्याकडे बघत होतात तेव्हा तुम्ही आईला माझं नाव सांगू शकला असतात. सांगितलं नाहीत. तेव्हाही नाही, आणि पुढे कधीच नाही. त्याचाही मला राग आहे.

खाली दूधवाल्यानं घंटी वाजवली. जाऊन एक लिटर घेऊन आले. पातेलं विसळून गॅसवर ठेवलं आणि उतू जाऊ नये म्हणून तिथेच उभी राहिले.